शेवटची चार मिनिटं

खेडहून सुटलेली एसटी घाटात अडकली होती. पुढे रस्त्यात झाड आडवं पडलेलं, बाहेर ऑगस्टचा पाऊस नुसता कोसळत होता, आणि खिडकीच्या फटीतून गळणारं पाणी नेमकं योगिनीच्या मांडीवर. रेकॉर्डर तिने प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून पोटाशी धरला होता. शेजारच्या तरुणाने डबा उघडला. पोटात कावळे ओरडत होते, त्यामुळे तिची नजर गेलीच. डब्यात भाजी नव्हती, पोळी नव्हती... ओलं, हिरवंगार शेवाळ होतं.

"घ्या ना," तो अगदी गंभीर चेहऱ्याने म्हणाला.

"नको. शुक्रवारी मी शेवाळ खात नाही."

तो हसला आणि हसता हसता थबकला. "एक मिनिट... हा आवाज... तुम्ही 'तासभर'वाल्या ना?"

दापोलीच्या छोट्याशा रेडिओ केंद्रावर दर शुक्रवारी सकाळी दहाला योगिनी एका पाहुण्याशी तासभर बोलायची. निवडणूक, पुस्तकं, चित्रं, पाखरं... विषय कुठलाही असो, ती अभ्यास करून बसायची आणि विचारायचं ते विचारायचीच. एका पुढाऱ्याला तिने नळयोजनेबद्दल एकच प्रश्न पाच वेळा विचारला होता. पाचव्यांदा त्याने खरं उत्तर दिलं. तेव्हापासून किराणा दुकानांत, एसटीच्या कॅन्टीनमध्ये दर शुक्रवारी रेडिओचा आवाज वाढायचा.

"मी सुजय. वनस्पतींचा अभ्यास करतो," तो म्हणाला.

"शेवाळावर तासभर बोलता येईल?"

"येईल की. फक्त... तुम्ही समोर असाल तर येईल का, शंका आहे."

योगिनीने खिडकीकडे तोंड फिरवलं. काचेवर धुकं होतं, बाहेरचं काहीच दिसत नव्हतं. तरी ती बराच वेळ बाहेर बघत राहिली.

तो रेडिओवर आला, बोलला, लोकांना आवडला. मग कार्यक्रम नसतानाही यायला लागला. कधी एखादं पान दाखवायला, कधी तिच्या प्रश्नांत खोट काढायला. सप्टेंबरात तो तिला पालशेवाडीच्या सड्यावर घेऊन गेला. वाडीच्या डोक्यावरचं ते जांभ्याचं विस्तीर्ण पठार. उन्हाळ्यात काळंकरडं, उघडंबोडकं. आता मात्र नजर पोचेल तिथवर जांभळं झालं होतं.

"वाक ना. अजून खाली... हं. सीतेची आसवं. एवढीशी दिसतात, पण मातीखाली किडे पकडून खातात."

"म्हणजे नाजूक दिसणाऱ्यांपासून जपून राहायचं?"

"तेच सांगतोय कधीपासून... स्वतःला."

'तुम्ही'चं 'तू' झालंय, हे योगिनीला तिथे उमगलं. उठताना त्याने हात पुढे केला. उभी राहिल्यावरही तिने तो सोडला नाही.

महिनाअखेरच्या शुक्रवारी सुजय पुन्हा येणार होता. विषय: सड्यावरची फुलं. दोन दिवस आधी पालशेवाडीचे केरूकाका केंद्रावर आले. सत्तरीचा माणूस, छत्री दाराबाहेर उभी करून आत आला आणि शर्टाच्या आतून एक झेरॉक्स काढली.

"बाय, ह्यात काय लिवलानी हाय ता वाच जरा. आमच्या सड्याव चिऱ्याची मोठी खान येतेय. सडा कापला का खालची इहीर आटली म्हनून समज."

योगिनीने वाचलं. चिरेखाणीच्या कंपनीने सरकारला दिलेला पाहणीचा अहवाल होता तो. 'पठार ओसाड आहे. तुरळक सुकं गवत. नोंद घेण्याजोगी वनस्पती आढळली नाही.' पाहणीची तारीख मे महिन्यातली. खाली तज्ज्ञाची सही होती... सुजयची.

तिने ते पुन्हा वाचलं. सही बदलली नाही.

"ह्योच मानूस येनार ना शुक्रवारी? मग इचार त्येला. सगला तालुका आयकतो, सायबबी आयकतात. मंगळवारी सुनावनी हाय."

"विचारते, काका," ती म्हणाली आणि झेरॉक्सची आणखी एक प्रत काढून घेतली.

"तू इचारशीलच म्हना," केरूकाका म्हणाले आणि छत्री उघडून निघाले.

संध्याकाळी तिने झेरॉक्स सुजयपुढे ठेवली. त्याने ती उचललीसुद्धा नाही.

"मे महिन्यात तिथे खरंच काही नव्हतं, योगिनी."

"मे महिन्यात कुठल्याच सड्यावर काही नसतं. तुला माहीत होतं."

"माहीत होतं." त्याने झेरॉक्स बोटाने दूर सारली. "दोन वर्षं हाताला काम नव्हतं. मग या कंपनीने नोकरी दिली, आणि पाहणीला मे महिनाच ठरवून दिला. मी गेलो, दिसलं ते लिहिलं... परवा हे विचारू नकोस. तुझ्यासमोर मला खोटं बोलता येणार नाही. आणि खरं बोललो तर परत मला कोणी उभं करणार नाही."

"सुजय, मी केरूकाकांना शब्द दिलाय."

"बाकी काहीही विचार. एवढं एक सोड... माझ्यासाठी."

आजवर कुणी तिच्याकडे असं काही मागितलं नव्हतं.

शुक्रवारी तो समोर बसला. बोलला तर असा, की ऐकणाऱ्याने जेवण विसरावं. दव पडावं तशी चमकणारी, किडे धरणारी पानं, पाण्याच्या डबक्यात डोलणारी गेंदाची पांढरी फुलं... आणि काचेपलीकडे बाकावर केरूकाका, मांडीवर छत्री. योगिनीच्या कागदावर तो प्रश्न शेवटचा लिहिलेला होता. चार मिनिटं उरली. तिने तोंड उघडलं. सुजयने वर पाहिलं. त्या नजरेत विनवणी नव्हती, नुसती भीती होती.

"शेवटचं..." ती म्हणाली. "तुमचं सगळ्यात आवडतं फूल कुठलं?"

सुजयने डोळे मिटले आणि मग तो सीतेच्या आसवांबद्दल बोलला. फार सुंदर बोलला. कार्यक्रम संपताच फोन सुरू झाले. बाई, काय बोलतं केलंत हो त्यांना! डोळ्यांपुढे फुलं उभी राहिली!

बाहेर केरूकाकांनी झेरॉक्सची घडी घालून परत शर्टात ठेवली.

"बराय, बाय. फुलांचा छान झाला," ते म्हणाले आणि पायऱ्या उतरून गेले. तिच्या हाकेला त्यांनी वळून पाहिलं नाही.

मंगळवारी वाडीत मांडव घालून झालेल्या खाणीच्या सुनावणीला योगिनी गेली. अहवाल वाचून झाला, तशी उभी राहिली. "हे खोटं आहे. मी स्वतः पाहिलंय. तो सडा फुलांनी भरलेला आहे."

सुनावणी घेणारे साहेब शांतपणे म्हणाले, "आपण वनस्पतींच्या अभ्यासक आहात?"

"नाही."

"अहवालावर ज्यांची सही आहे, ते चार दिवसांपूर्वी तासभर आपल्यासमोर होते. मी ऐकलं, छान झाला कार्यक्रम. या अहवालाबद्दल त्यांना काही विचारलंत?"

मांडवात सगळे तिच्याकडे बघत होते. केरूकाका मात्र जमिनीकडे.

"नाही," योगिनी म्हणाली आणि खाली बसली.

बाहेर सुजय उभा होता. मांडवात यायचं धाडस त्याला झालं नव्हतं, पण सगळं त्याने ऐकलं होतं.

"माझ्यासाठी एवढं कुणी केलं नव्हतं," तो म्हणाला. "योगिनी... लग्न करशील माझ्याशी?"

हो म्हणावं, असं तिला वाटलं. अगदी आतून वाटलं, आणि त्याचीच तिला शरम वाटली.

"तू मला आवडतोस, सुजय. खूप. तुला बघितलं की मला माझं काम सुचत नाही... म्हणून नको."

"मी बदलेन."

"मग आत का नाही आलास?"

एसटी आली. तिने हात केला आणि चढली.

पुढच्या शुक्रवारी तिने पाहुणा बोलावला नाही. दहा वाजता माईक सुरू केला आणि अहवाल पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला, तारीख आणि सही धरून. मग म्हणाली, "गेल्या शुक्रवारी हे मी विचारायला हवं होतं. मला तो माणूस आवडत होता, म्हणून विचारलं नाही. पालशेवाडीची मी गुन्हेगार आहे."

त्या दिवशी एकही फोन आला नाही.

आला तो चार दिवसांनी. सुजयचा.

"कंपनीने काढलं मला. खाणीला परवानगी मात्र मिळाली. कळलं?"

"कळलं."

"तू बरं केलंस, असं म्हणायला फोन केला होता." पलीकडे त्याचा श्वास ऐकू येत होता. "पण... म्हणता येत नाहीये गं."

"नको म्हणूस," योगिनी म्हणाली.

तरीही दोघांनी फोन लगेच ठेवला नाही.