समुद्राकडची खोली

भाद्रपदातली ती भुरभुर अचानक जोरात आली, म्हणून मी भोरच्या एसटी स्टँडासमोरच्या सायबर कॅफेत शिरले. साल २००६. आत आनंदराव गुरुजी आणि कॅफे चालवणारा मुलगा, दोघंही श्वास रोखून एकाच पडद्याकडे बघत होते. मी ओढणी झटकली, तसा त्या मुलानं मागं न बघताच हात वर केला. थांबा.

पडद्यावर एक चक्र फिरत होतं. ते थांबलं.

"मिळाली, गुरुजी," तो हळूच म्हणाला. "दिल्लीतली खोली. निम्म्या भाड्यात."

गुरुजी खूश होऊन छत्री उघडत निघून गेले. माझे पाय मात्र तिथंच थबकले. "निम्म्या भाड्यात? कुणाशी बोलला तुमी?"

"कुणाशीच न्हाई." त्यानं वळून पाहिलं... आणि मग उगाचच माउस इकडचा तिकडं केला. "मोठ्या हॉटेलांच्या खोल्या रिकाम्या पडून असतात. आपण आपला भाव लिहायचा. एखादं हॉटेल हो म्हणतं. नाव मात्र पैसे भरल्यावरच कळतं."

भोरमध्ये बसून आपला भाव लिहायचा आणि दिल्लीतल्या हॉटेलानं हो म्हणायचं! मला ते जादूसारखं वाटलं. आणि त्या दिवशी जादूची मला फार गरज होती.

अब्बा टेम्पो चालवायचे. दोन वर्षांपूर्वी बॅटरीतलं ॲसिड त्यांच्या डोळ्यांत उडालं. तेव्हापासून त्यांना फक्त उजेड आणि अंधार एवढंच कळायचं. त्या सकाळी चेन्नईच्या इस्पितळातून फोन आला होता – सोमवारी या, बुबुळ बदलू. ऑपरेशननंतर चार दिवस जवळच आणि अगदी स्वच्छ जागेत राहायचं, नाहीतर डोळा वाचणार नाही. आणि जवळच्या सगळ्या लॉज भरलेल्या. एसटीडी बूथवरून फोन करकरून मी थकले होते.

हे सगळं मी त्या अनोळखी मुलाला सांगून टाकलं. त्यानं खुर्ची पुढं ओढली.

"बसा. मी झुल्फिकार. चार ताऱ्यांचं हॉटेल टाकू या."

"चार? आमी तसले लोक न्हाई हो."

"खोलीला काय कळतंय, आपण कसले लोक ते?"

पहिला भाव कुणीच घेतला नाही. पुन्हा लिहायला एक दिवस थांबावं लागणार होतं. रात्रभर मी तो 'नाही' आठवत राहिले... आणि खरं सांगायचं तर, त्याची खुर्ची पुढं ओढायची तऱ्हाही.

दुसऱ्या दिवशी तो गंभीर होता. "जरा वाढवून लिहितो. पण ऐका, पैसे परत मिळत न्हाईत. हॉटेल लांब निघालं, तर..."

"तर?"

"तर मला शिव्या द्या."

"मला शिव्या येत न्हाईत."

"मग शिकवीन की."

मी हसले, आणि त्यानं माउस माझ्यापुढं सरकवला. "अब्बा तुमचे. तुमीच दाबा."

मी दाबलं. चक्र फिरू लागलं. ते थांबलं, तेव्हा मी त्याची बाही घट्ट धरलेली होती आणि आम्ही दोघंही ती बाही बघत होतो. मी झटकन हात मागं घेतला. मग त्यानं पडद्यावरचं वाचलं. इस्पितळापासून चालत दहा मिनिटं. खोली समुद्राकडची.

"कसा असतो हो समुद्र?" मी विचारलं.

"म्या कुठं पाहिलाय? लोकांना इतक्या खोल्या मिळवून दिल्या, पण स्वतः पुण्याच्या पुढं गेलेलो न्हाई."

सोमवारी अकराव्या मजल्यावरचं ते दार उघडलं, तशी अम्मी चपला बाहेर काढून उंबऱ्यावरच थांबली. पांढऱ्याशुभ्र चादरी. आणि भिंतभर खिडकीत... पाणी. भाटघरचं धरण भरलं की मला वाटायचं, याहून जास्त पाणी जगात नसेल. इथं तर पलीकडचा काठच नव्हता. नुसतं पाणी आणि त्याला टेकलेलं आभाळ.

"अम्रीन, समोर काय हाय?" अब्बांनी विचारलं.

"पाणी, अब्बा. संपतच न्हाई."

मंगळवारी ऑपरेशन झालं. बुधवारी डॉक्टरांनी पट्टी सोडली, आणि खोलीवर आल्यावर अब्बा चाचपडत खिडकीपाशी गेले. काचेवर तळवा टेकवून ते बघत राहिले.

"निळं हाय," ते म्हणाले. "धूसर दिसतंय... पण निळं हाय. अन् हलतंय."

अम्मीनं पदर डोळ्यांना लावला. मी अब्बांचा मोबाईल घेऊन बाहेर गेले आणि झुल्फिकारला मिस्ड कॉल दिला. क्षणात त्याचा फोन आला. मी त्याला सगळं सांगितलं, निळ्यापर्यंत.

"ऐकताय ना?"

"ऐकतोय. एक सांगू? तीन दिवस झाले, कॅफे उघडला की आधी त्या हॉटेलचा फोटो लावून बसतो. खिडक्या मोजतो... यातली तुमची कुठली असंल म्हणून."



"अकरावा मजला," मी म्हणाले. "डावीकडून तिसरी. काल वाळूत उतरले तवा... म्या पण मोजली."

माउसचा आवाज आला. मग तो पुटपुटत मोजू लागला.

"सापडली," तो म्हणाला.

"शनिवारी येतोय आमी. आता अब्बांना दिसाया लागलंय."

"लई बरं झालं."

"तसं न्हाई... कुणी घरी आलं, तर अब्बांना त्याला बघता येईल, असं म्हणते मी."

 तो हळूच म्हणाला, "रविवारी येऊ? माझ्या अम्मीला घेऊन?"

"ये," मी म्हणाले. 'या' म्हणायचं राहून गेलं, हे फोन ठेवल्यावर माझ्या लक्षात आलं.