धावखोलीतला हिरवा दिवा

सावरगडच्या चुंबकशाळेत पहिलीचा प्रवेश बंद व्हायला दीड तास उरला होता, आणि रुंजी अजून चार महिन्यांनी लहान होती.

चुंबकशाळा हे लोकांनी ठेवलेलं नाव. सरकारी कागदावर ते बरंच लांब होतं. विज्ञान, तंत्र, अभियांत्रिकी, कला, गणित असं सगळं त्यात दाटीवाटीने बसवलं होतं. शाळा फुकट होती, आणि चुंबकाने टाचण्या ओढाव्यात तशी जिल्हाभरातली मुलं ओढून घेत होती. जागा चाळीस, अर्ज अकरा हजार. म्हणून सोडत. सोडतीत प्रत्येक मुलाचं नाव जन्मात एकदाच पडायचं. रुंजीचं नाव निघालं तेव्हा तिची आई केतकी देवापुढे जायच्या आधी शेजारणीकडे गेली होती, कारण शेजारणीच्या मुलाचं निघालं नव्हतं.

अडचण होती ती वयाची. सहा वर्षं पूर्ण हवी होती. केतकीने अर्जात मुलीची जन्मतारीख चार महिने मागे ओढली होती. पूर्वी हे काम सोपं असायचं. केतकीचे वडील, म्हणजे पुंडलिक आबा, कागदावर एक जूनला जन्मले होते. त्यांच्या वर्गातली एकोणीस पोरं एक जूनलाच जन्मली होती. गुरुजींनी एका दुपारी, एकाच पेनाने सगळ्यांना जन्माला घातलं होतं. खरे आबा पोळ्याच्या आसपासचे. वरचे तीन महिने शाईतून आले होते आणि त्यांचा त्रास आयुष्यात कुणालाच झाला नाही.

आता पेनाचं राज्य संपलं होतं. शाळेच्या दारात हाडमोजणी व्हायची. मुलाने मनगट एका फटीत घातलं, की यंत्र हाडाची वाढ वाचून वय सांगायचं, दिवसांसकट. रुंजीच्या मनगटावर यंत्राने निकाल दिला: पाच वर्षं, आठ महिने.

अशा घाईच्या आईबापांची सरकारने सोय केली होती. शाळेच्या मागच्या अंगाला शिशाच्या भिंतींची एक खोली होती. तिला धावखोली म्हणत. ती डॉ. शमीम तांबोळी चालवायच्या.

"काळ सगळीकडे सारखा चालत नाही, आजोबा," त्या म्हणाल्या. "डोंगरावरचं घड्याळ समुद्रकाठच्या घड्याळापेक्षा केसभर पुढे असतं. आम्ही तो केस ताणलाय, एवढंच. बाहेर एक मिनिट झालं, की आत दोन दिवस होतात. तासाभरात चार महिने. मूल आत जेवतं, झोपतं, वाढतं. ते वय खरंच जगलेलं असतं, म्हणून हाडमोजणीला चालतं."

"म्हणजे गुरुजी लिहून मोकळे झाले, तुम्ही भोगायला लावता," आबा म्हणाले.

"तसं समजा."

"खिडकी एकही नाही?" केतकीने विचारलं.

"आतला उजेडसुद्धा घाईत असतो, ताई. आतला साधा दिवा बाहेरच्याला क्ष-किरण होऊन लागेल. म्हणून हे शिसं."

"मग बोलायचं कसं?"

"पहिल्या वर्षी निरोप यायचे. 'आई, घरी जायचंय.' आया वाचायच्या आणि खोली थांबवायच्या. निम्म्या जागा गेल्या. मग वरून हुकूम आला, निरोप बंद. आता फक्त बेल आहे. आत बटण दाबलं की इथला आकडा वाढतो. मी पोच दिली की आत हिरवा दिवा लागतो." त्या रुंजीकडे वाकल्या. "हिरवा दिवा लागला की काय समजायचं?"

"आईला कळलं," रुंजी म्हणाली.

"शहाणी आहेस. आता ताई, नीट ऐका. बेल वाजली तर थांबवायचं की नाही, ते तुम्ही ठरवायचं. थांबवलं की जागा यादीतल्या पुढच्या नावाला."

यादीतलं पुढचं नाव समोरच्या बाकावरच बसलं होतं. दोन वेण्यांची एक मुलगी, आणि तिचा बाप. बापाच्या मांडीवर फाईल होती. तो कुणाकडेही बघत नव्हता. फक्त आकड्याच्या काचेकडे बघत होता.

नियमाप्रमाणे घरचं एक मोठं माणूस आत जायचं आणि सही करणारं बाहेर थांबायचं. रुंजीचे बाबा समुद्रातल्या पवनचक्क्यांवर कामाला होते, दिवाळीपर्यंत येणार नव्हते. आबा तयारच होते. त्यांनी पत्त्यांचा जोड, खोबरेल तेलाची बाटली आणि रुंजीने डब्याच्या झाकणांपासून केलेला पंखा पिशवीत भरला.

"आबा, बीपीच्या गोळ्या?"

"घेतल्यात गं. तू चहा पी. तुझा कप रिकामा व्हायच्या आत आमचा महिना होतो."

दारातून रुंजी मागे वळली. "आई, तू चार महिने काय करशील?"

"इथेच बसेन."

"कंटाळशील," रुंजी काळजीने म्हणाली आणि आत गेली.

साडेतीनला दार लागलं. केतकीने चहा घेतला. खोली गुरगुरत होती, पिठाच्या गिरणीसारखी. विसाव्या मिनिटाला केतकी म्हणाली, "एव्हाना तिचा दात पडला असेल."

"पालक माझ्याकडे पडलेले दातही मागतात," डॉक्टर म्हणाल्या. "देते मी डबीत घालून."

बेचाळिसाव्या मिनिटाला काचेवर एकचा आकडा उमटला.

डॉक्टरांनी सवयीने पोचेचं बटण दाबलं. त्यांचं बोट उचलायच्या आत आकडा अकरावर गेला, मग तेवीस, मग चाळीस. आणि त्रेसष्टवर थांबला. सगळं मिळून चार-पाच सेकंद.

"काय झालं?" केतकी उभी राहिली.

"मला इथून कळत नाही, ताई. बहुतेक मुलं एकदा तरी वाजवतात. दाढ दुखते, खेळात हरतात, रुसतात."

"त्रेसष्ट वेळा?"

"रुसलेलं मूल कितीही वेळा दाबतं."

"पण आबा आहेत ना आत. ते का दाबू देतील?"

डॉक्टर घड्याळाकडे बघून म्हणाल्या, "आपलं बोलणं सुरू होऊन अर्धं मिनिट झालं. आत एक दिवस झाला."

समोरच्या बाकावरचा बाप ताठ झाला होता. त्याने फाईल मांडीवरून उचलून हातात घेतली आणि मुलीची वेणी उगाच सरळ केली. केतकीने ते पाहिलं.

"आता वाजत नाहीये," ती म्हणाली. "म्हणजे मिटलं असेल. हो ना?"

"असेल."

"आबांनी समजूत काढली असेल. त्यांना जमतं ते. मलाही लहानपणी..." ती बसली. "मॅडम, तुम्ही काय केलं असतं?"

"मला मूल नाही," डॉ. तांबोळी म्हणाल्या. "ही खोली चालवायला तसंच माणूस हवं होतं."

उरलेली सतरा मिनिटं आकडा हलला नाही. बाकावरच्या बापाने फाईल पुन्हा मांडीवर ठेवली.

साडेचारला गुरगुर थांबली आणि दार उघडलं. आतून तेलाचा, साबणाचा आणि आजारी माणसाच्या अंथरुणाचा वास आला. दारात रुंजी उभी होती. केस वाढलेले, आपल्या हाताने घातलेली एक वाकडी वेणी.

"हळू बोला," ती म्हणाली. "आत्ताच झोपलेत."

आबा खाटेवर होते. तोंड एका बाजूला ओढलेलं, उजवा हात उशीवर नीट ठेवलेला. नखं कापलेली होती. डॉक्टर स्ट्रेचरसाठी ओरडत धावल्या.

"न्हाणीत जाताना पडले," रुंजी सांगू लागली, बाई हजेरी घेताना सांगावं तसं. "बोलता येत नाही. भात मऊ करून दिला तर गिळतात. दर थोड्या वेळाने कुशीवर वळवावं लागतं, नाहीतर पाठ सोलते. आधी मला वळवता येत नव्हतं. मग मी चादर खालून घालून ओढायला शिकले."

केतकीने तिला कवटाळलं. रुंजी उभीच राहिली. मग तिने आईच्या पाठीवर हात ठेवला आणि थोपटलं, आबांना थोपटत असावी तसं.

कारकुनाने रुंजीचं मनगट फटीत घातलं. सहा वर्षं पूर्ण. शिक्का बसला. बाकावरच्या बापाने मुलीचं बोट धरलं आणि तो निघून गेला.

"आई," रुंजीने विचारलं, "बेल बाहेर ऐकू येत नाही ना?"

केतकीने डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टर स्ट्रेचरचा पट्टा आवळत होत्या. त्यांनी वर पाहिलं नाही.

"नाही गं, सोन्या. ऐकू आली असती तर मी आले नसते का?"

रुंजीने मागे वळून पाहिलं. उघड्या दारातून खोलीची समोरची भिंत दिसत होती. तिच्यावर हिरवा दिवा अजून जळत होता. दिव्याखाली भरलेली पिशवी होती, पिशवीवर झाकणांचा पंखा बांधलेला, आणि शेजारी दाराकडे तोंड करून ठेवलेले तिचे बूट. बुटांवर धूळ बसली होती.

"हो," ती म्हणाली. "आबांनाही मी रोज तेच सांगायचे."