डाव्या तारेचं वजन

वैशाखात उजनीचं पाणी मागं सरतं, तशी सिकंदरची नावही पाण्यामागं सरकायची. पळसदेवच्या काठाला, भेगाळलेल्या गाळावर ती उभी होती आणि सिकंदर तिच्या डाव्या तारेशी झटत होता. वालचंदनगरच्या कारखान्यात तीस वर्षं फिटर म्हणून काढलेला माणूस. बोल्ट झिजलाय की नाही ते बोटांनीच सांगायचा. घरी वाट बघणारं कुणी नव्हतं. बायको जाऊन सहा वर्षं झाली होती आणि हिंदुराव जाऊन सात महिने.

नाव म्हणजे कॅटामरान. दोन अरुंद होड्या शेजारी-शेजारी, मध्ये ताणलेलं जाड कापड. बसलं की बाजेसारखं खोलगट होणारं. शिडात वारा भरला की एक होडी पाण्यातून वर उठते. मग एकानं सुकाणू धरायचं आणि दुसऱ्यानं कमरेच्या पट्ट्याचा आकडा डोलकाठीवरून आलेल्या तारेच्या कडीत अडकवून पाण्यावर आडवं व्हायचं, आपल्या वजनानं नाव दाबायला. सुकाणू सिकंदरचं, तार हिंदुरावांची. सगळा खेळ वजनाचा, म्हणून दोघं दर महिन्याला काट्यावर उभे राहायचे. हिंदुराव अडुसष्ट किलो, सिकंदर बहात्तर. "तुझं बूड जड," हिंदुराव म्हणायचे, "तू बसूनच ऱ्हा."

हिंदुरावही त्याच कारखान्यातले. तिथं यंत्रात उतरायच्या आधी माणूस आपल्या नंबराचा पितळी बिल्ला बाहेर अडकवायचा. बिल्ला लटकतोय तोवर माणूस आत आहे. ज्याचा बिल्ला, त्यानंच काढायचा. ती सवय दोघांनी नावेवर आणली. तारेला लटकायच्या आधी हिंदुराव डोलकाठीच्या हुकाला बिल्ला अडकवायचे, परत आले की खिशात टाकायचे.

कडी आकड्यातून निसटू नये म्हणून तिला खालून एक रबरी दोर ओढून धरतो. दसऱ्याला हिंदुराव म्हणाले होते, "सिकंदर, रबर मेलंय." सिकंदर म्हणाला, "दिवाळीपातूर चालतंय की." चार दिवसांनी तार क्षणभर सैल पडली आणि कडी निसटली. हिंदुराव मागच्या मागं पाण्यात गेले, वरून होडी डोक्यावर आदळली. बिल्ला हुकालाच राहिला. तो काढायला सिकंदरचा हात कधी धजला नाही.

आणि आता हिंदुरावांची राजेश्वरी रविवारी पुण्याहून येणार होती. "चाचा, बाबा लटकायचे तिथं मला एकदा लटकायचंय," फोनवर एवढंच म्हणाली. नाही कसं म्हणणार? पण या पोरीला काही झालं तर तोंड कुठं लपवायचं? सिकंदरनं तार, कडी, रबर, सगळं नवं घातलं.

गुरुवारी दुपारी वारा उठला तसा तो एकटाच चाचणीला निघाला. तार आणि कडीच्या मध्ये त्यानं तबकडीचा स्प्रिंगकाटा लावला होता. रबराचा ताण दोन किलो. झकास. काठ लांब पडला तसा वाऱ्याचा झोत आला, डावी होडी उठली. सिकंदर शीड ढिलं करणार, तोच होडी गुपचूप खाली बसली.

तार बाहेर गेली होती. पाण्यावर तिरपी, ताणून उभी. कडी हवेत.

तबकडीवर अडुसष्ट.

सिकंदर भुताखेतांना हसणारा गडी. त्यानं गाठी उसकटून पुन्हा बांधल्या, शुक्रवारी काटा बदलला, शनिवारी तार. दोन्ही दिवस अडुसष्टच. आणि खरं सांगायचं तर त्याला भीती वाटलीच नाही. सात महिन्यांत पहिल्यांदा बरं वाटलं. शनिवारी तर तो अर्धा तास बडबडत होता, पाणी किती हटलंय, गुडघा कसा ठणकतोय.

रविवारी राजेश्वरी आली ती वडलांचा पट्टा कमरेला बांधूनच.

"पोरी, तार अजून नीट न्हाय झाली." सिकंदर चक्क खोटं बोलला. ती जागा रिकामी नाही, हे सांगायचं कसं? आणि ती रिकामी व्हावी असं त्याला वाटतही नव्हतं.

तिनं कडी ओढली, रबर ताणून बघितलं. फिटरचीच पोर. "ह्यात काय बी खोट न्हाय, चाचा." मग तिला हुक दिसला. "अगं बाई, बाबांचा बिल्ला! अजून हितंच?"

"हात लावू नगंस..."

तिनं तो काढलाही. कपाळाला लावला, खिशात घातला. "बाबा कवाच सुटले, चाचा."

त्या दिवशी सगळं सुरळीत झालं. पोरगी पाण्यावर आडवी झाली, हसली, रडली. बावन्न किलोची पोर, वजन कमीच पडत होतं. होडी उठायची आणि सिकंदर शीड ढिलं करून सावरायचा. होडी दाबायला धावून येणारं दुसरं कुणी नव्हतं. एसटीत चढताना ती त्याच्या पाया पडली. "तुमचा काय दोष न्हाय," म्हणाली. मेलेल्या रबराचं त्यानं तिला कधी सांगितलंच नव्हतं. तेव्हाही त्यानं फक्त तिची पिशवी वर चढवून दिली.

सोमवारी तो एकटा गेला. तबकडीवर दोन. मंगळवारी दोन.

रिकाम्या हुकाकडं बघवेना. बुधवारी त्यानं ट्रंकेतून स्वतःचा बिल्ला काढून आणला, चारशे बारा नंबरचा, आणि हुकाला अडकवला. हुक मोकळा दिसू नये, एवढंच.

वारा आला. डावी होडी उठली, आणि बसली.

तार बाहेर गेली. ताणली.

"हिंदुराव!" सिकंदरच्या डोळ्यांत पाणीच आलं. "आलात व्हय?"

त्यानं तबकडी बघितली. अडुसष्ट नव्हतं.

बहात्तर होतं.

सुकाणू घट्ट धरून त्यानं खाली बघितलं. तो बसला होता तिथलं कापड खोलगट झालं नव्हतं. कडेपासून कडेपर्यंत सपाट होतं.