सलग चौथी पाळी

“मॅडम, गठ्ठ्यावर डोकं ठेवायची परवानगी नाही.”

मी डोळे उघडले. समोर रेकॉर्डरूमचा कारकून – चष्मा कपाळावर, खिशाला शाईचा डाग. मी गोदामात माल तपासते. डाग आधी दिसतो, माणूस नंतर. माणूस बरा होता.

“आणि परवानगी मागितली असती तर?”

“तर उशी शोधावी लागली असती.”

इथे दिवसाला जुन्या कागदांचे तीनच गठ्ठे मिळतात. गोदामातली रात्रपाळी संपवून मी रोज येत होते. दहा दिवस, तीस गठ्ठे, आणि पणजोबांचा पत्ता नाही. ते कारखान्यात यंत्राच्या पट्ट्यात ओढले गेले. ‘पिऊन होता’ असं नातलग तीन पिढ्या कुजबुजत आलेत. बाबा आता अंथरुणाला खिळलेत. रोज एवढंच विचारतात, “आजोबा प्यायले होते का गं?”

त्याने माझी गठ्ठे मागण्याची चिठ्ठी वाचली. “मृत्यूच्या तारखेला शोधताय होय? अपघाताचे कागद चौकशीच्या तारखेला लावतात. चौकशी कधीकधी वर्षाने व्हायची.”

दहा दिवस पाण्यात. पण चिडायलाही अंगात त्राण लागतं…

मग तोही शोधू लागला. आधी तो दिवसातून सातदा माझ्याकडे बघायचा – मोजलंय मी. पुढच्या सोमवारपासून एकदाही नाही.

गुरुवारी मी विचारलं, “सापडलंय ना तुम्हाला?”

“सोमवारीच… दारूचा वास नव्हता. पण यंत्रापाशी झोप लागली, असं अहवालात आहे. ‘मृताचा निष्काळजीपणा.’ अर्धंच हातात देऊन तुम्हाला घरी कसं पाठवू? म्हणून हजेरीपट शोधत होतो.”

त्याने पिवळं पान पुढे सरकवलं. पणजोबांच्या नावापुढे ओळीने चार खुणा. शेरा : जोडीदार आजारी, बदली माणूस नाही. सलग चौथी पाळी.

मी त्या चारही खुणांवर एकेक करून बोट ठेवलं.

“म्हणजे माझं इथलं काम संपलं,” मी म्हणाले.

“हो.” त्याने चष्मा पुसला. “मला ते आवडलेलं नाही.”

“मग नक्कल घेऊन घरी चला. बाबांचा माझ्यापेक्षा कारकुनावर जास्त विश्वास बसेल.”

बाबांनी नक्कल दोनदा वाचली आणि छातीवर ठेवली. “दमले होते तर,” एवढंच म्हणाले. मी त्यांच्या खाटेजवळच्या बाकावर टेकले, कारकुनाशेजारी…

जाग आली तेव्हा माझं डोकं त्याच्या खांद्यावर होतं आणि बाबा त्याला हळूच दटावत होते, “हलू नका हो. दमलीय ती.”

मी डोळे उघडलेच नाहीत.