शेवटच्या गाडीचं दांडकं

बसा दोघंही. निमिष, दार लोटून घे, नदीवरचं वारं आत येतंय. मयूरी, तो लॅपटॉप मिट आता. रुंदीकरण एक्क्याऐंशी टक्के, पूल शहात्तर टक्के, हे आकडे उद्या सकाळीही तेवढेच असणार आहेत. रात्रीतून पूल कुणी बांधून देत नाही.

निमिष, तू मघाशी माझ्यावर चिडलास ना? वॉकीटॉकीचे दोन सेट देताना हा म्हातारा रोज सही घेतो, दहादा बॅटरी तपासतो म्हणून? चिड बाबा. मी वाईचा माणूस, उभा जन्म साइटवरच्या स्टोअरमध्ये सिमेंटच्या गोण्यांत गेला. इंजिनियरांच्या शिव्या खायची सवय आहे मला. पण या सेटमागे एक माणूस आहे. पुलाच्या अलीकडच्या टोकाला झेंडा घेऊन उभा असतो तो, पांढऱ्या मिशांचा आकाराम. कुणाशी धड बोलत नाही, म्हणून तुम्ही पोरं त्याला हसता. तो आधी असा नव्हता.

१२ डिसेंबर २०२३. मंगळवार, कार्तिकातली अमावस्या. तेव्हा हा सांगलीचा रस्ता निम्माच रुंद झाला होता. येरळा नदीवरच्या जुन्या पुलाला खेटून नवा पूल वर येत होता. संध्याकाळी सहाला आकाराम इथं, याच दारात आला.

"पंत, दांडक्याचं फडकं इरलंय. तांबडं नवं द्या. आन च्या बी पाजा."

स्वारी खुशीत होती. त्याची पोरगी सृष्टी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती आणि दिवस भरत आले होते. "पोरगं झालं तर तुमचं नाव ठिवतो, पंत," म्हणाला. मी म्हटलं, "ठेव. जन्मभर तुला शिव्या देईल ते." खळखळून हसला, चहा बशीत ओतून प्यायला आणि फडकं घेऊन गेला.

आता दांडकं म्हणजे काय, ते सांगतो. तुमच्या कॉलेजात शिकवत नाहीत. जुना पूल आधीच अरुंद, त्यातली अर्धी रुंदी आम्ही पत्रे लावून अडवलेली. एका वेळी एकाच बाजूची वाहनं जाणार. पुलावर मध्ये उंचवटा आहे, त्यामुळे या टोकाचं त्या टोकाला दिसत नाही. पात्रात मोबाइलला रेंज नाही. वॉकीटॉकी तोवर घेतलेच नव्हते. मग काय, अलीकडून पाच-दहा गाड्या सोडायच्या आणि शेवटच्या गाडीवाल्याच्या हातात दांडकं द्यायचं. पलीकडे दुसरा झेंडेवाला, लालासाहेब, उभा. त्याला दांडकं मिळालं की पूल रिकामा झाला असं समजायचं. मग तो आपल्या गाड्या सोडणार आणि शेवटच्याच्या हाती दांडकं परत पाठवणार. हातात दांडकं नसेल त्यानं एकही गाडी सोडायची नाही. उसाचा हंगाम होता. ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या जोडलेल्या. तसलं धूड पुलावर समोरून आलं, तर ना पुढे सरता येतं ना मागे, सकाळपर्यंत सगळा पूल बंद.

त्या रात्री पावणेदोनच्या सुमारास आकारामानं सात गाड्या सोडल्या. सातव्या गाडीला दांडकं द्यायला हात पुढे केला, तेवढ्यात मागून मेंढरं आली.

आकाराम मूळचा माणदेशी धनगर. बापानं कळप विकून पलूसच्या वरच्या अंगाला दोन एकर जमीन घेतली, पण रक्तातली सवय कुठे जाते? मेंढरं वाटेला लागली की कळप मध्ये तोडायचा नाही, ही त्याची लहानपणापासूनची शिकवण. कळपामागचा मेंढका म्हणजे सगळ्यांत शेवटचा माणूस. दिवसा कितीतरी वेळा त्यानं दांडकं मेंढक्याच्याच हाती दिलं होतं आणि ते कधी चुकलं नव्हतं. त्यानं सातवी गाडी तशीच जाऊ दिली. मेंढरं गेली. किती तरी गेली. शेवटी खांद्यावर घोंगडं टाकलेला एक उंच म्हातारा आला.

"मामा, एवढं पलीकडं लालासायबाला द्या."

म्हाताऱ्यानं हात पुढे केला. त्यानं दांडकं घेतलं. बोटांना बोटं लागली, ती गार होती. थंडीचे दिवस, आकारामाला त्यात काही वाटलं नाही.

कळप उंचवट्यापलीकडे गेला. आकारामानं बिडी पेटवली आणि मग त्याच्या लक्षात आलं. रात्री मेंढरं वाघरीत असतात, जाळीच्या कुंपणात. रात्री पावणेदोनला कुणी कळप हाकत नाही. अमावस्येला तर नाहीच. बरोबर कुत्रं नव्हतं. एक घंटा वाजली नव्हती. एवढे खूर डांबरावरून गेले... आणि एकाचाही आवाज आला नव्हता.

बिडी तशीच विझली.

तेवढ्यात गावाकडून दिवा फिरवत अँब्युलन्स आली. झेंड्यापाशी थांबली. मागचं दार उघडलं आणि त्याची बायको हरणाबाई खाली उतरली. तिच्या हातांना रक्त होतं.

"आवं, पोरीच्या अंगावर लय जातंय. सांगलीला, विश्रामबागच्या दवाखान्यात न्या म्हनत्यात. लवकर सोडा!"

हात गाडीच्या पत्र्यावर ठेवून तो उभा राहिला. आत सृष्टी कण्हत होती. त्याच्याकडे दांडकं नव्हतं. म्हाताऱ्यानं ते पलीकडे दिलं असेल, तर लालासाहेबानं ट्रॉल्या सोडल्या असतील. मग अँब्युलन्स मध्येच अडकणार. दिलं नसेल तर पूल मोकळा. कुठलं खरं? मयूरी, तू सांग, काय करायचं त्यानं? मला आजही सांगता येत नाही.

"हरणे, दोन मिन्टं थांब."

"दोन मिन्टं? आवं, तुमची लेक हाय ती!"

तो थांबला. ऐकत राहिला. पलीकडून ट्रॅक्टरचा आवाज येतो का... नाही. पाच मिनिटं गेली. सात. फोन लावला, लागला नाही. मग त्यानं झेंडा टाकला आणि पुलावर पळत सुटला. पासष्टीला आलेला माणूस, पायांत गमबूट. बॅटरीच्या उजेडात पुढचं डांबर कोरडं दिसत होतं. मेंढरू नाही. लेंडी नाही. वास नाही.

उंचवट्यावर समोरून दुसरी बॅटरी आली. लालासाहेब होता.

"आकाराम, दांडकं कुठाय रं?"

"तुला न्हाई मिळालं?"

"सात गाड्या आल्या. दांडकं न्हाई. मगाधरनं थांबलोय मी."

"मेंढक्याजवळ दिलंय. मेंढरं आली न्हाईत तुझ्याकडं?"

"कसली मेंढरं?"

दोघांनी बॅटऱ्या पूलभर फिरवल्या. अडीचशे मीटरचा पूल. एका बाजूला पत्रे, दुसऱ्या बाजूला कठडा. खाली पात्र. कळप गेला कुठे?

"गाड्या सोडल्यास का?"

"एक बी न्हाई."

"मग सोडू नगं गड्या! माझी पोरगी येतीया!"

तो परत पळाला. ठेचकाळला, उठला, लांबूनच बॅटरी हलवली. ड्रायव्हरनं गाडी काढली. आकारामाला वाटलं, आपणही चढावं. पण त्याच्यामागे वाहनांची रांग लागली होती, झेंड्यावर दुसरं कुणी नव्हतं, तो हलला असता तर सगळेच पुलावर घुसले असते. तो तिथंच राहिला. बाप असून तिथंच राहिला, आणि त्याबद्दल मी त्याला कधी काही बोललो नाही, बोलायची माझी छाती झाली नाही.

गाडी उंचवट्यापर्यंत गेली. आणि मागचे लाल दिवे लागले.

थांबली.

आकाराम बघत राहिला. एक मिनिट. दोन मिनिटं. हॉर्न नाही. दिवे तसेच. त्यानं बॅटरी हलवली. तीन मिनिटं...

मग दिवे विझले आणि गाडी पलीकडे उतरली.

मध्ये काय झालं, ते हरणाबाईनं मला नंतर सांगितलं. एकदाच. ड्रायव्हरनं ब्रेक मारला, कारण समोर मेंढरं होती. पूलभर. हॉर्नवर त्यानं हात दाबून धरला होता, पण हॉर्न वाजत नव्हता. मेंढरं गाडीच्या दोन्ही अंगांनी मागे निघाली. पत्र्याला अंग घासत होती, गाडी हलत होती, आणि आवाज काहीच नव्हता. सृष्टीनं मान वळवून काचेबाहेर पाहिलं.

"आये... एवढी मेंढरं कुनाची गं?"

हरणाबाईनं पाहिलं. काचेवर बाहेरून एक हात टेकला होता. मोठा. म्हाताऱ्या माणसाचा. थोडा वेळ राहिला... मग निघाला.

आणि सृष्टी म्हणाली, "आये, पोटातलं हालंना."

विश्रामबागच्या दवाखान्यात पोचले तेव्हा पावणेचार वाजले होते. डॉक्टरीण चांगली होती, तिनं जिवाचं रान केलं. एकदाच तिनं विचारलं, इतका वेळ कुठे लागला? हरणाबाई काय सांगणार होती? मेंढरं आडवी आली?

आकाराम सकाळी सहापर्यंत झेंडा हलवत उभा होता. बाभळीचा एक फोक तोडून त्याला रुमाल बांधला होता आणि तो त्यानं दांडकं म्हणून चालवला. कुणाची मुलगी दवाखान्यात आहे, हे त्या गाडीवाल्यांना काय ठाऊक? उशीर झाला म्हणून चारजणांनी त्याला आईवरून शिव्या दिल्या. सहाला बदली माणूस आला. आकाराम रेंज शोधत टेकाडावर गेला, तेव्हा फोन लागला. सृष्टी वाचली होती. मुलगा होता. गेला.

मी सातला पुलावर पोचलो. आदल्या दिवशी शेजारच्या नव्या पुलाचा तिसरा गाळा, म्हणजे दोन खांबांमधला स्लॅब, ओतला होता, शेवटचा मिक्सर रात्री साडेअकराला रिकामा झाला होता. त्यावर अंथरायला गोणपाटं घेऊन गेलो होतो. आकाराम टेकाडावरून उतरून माझ्यामागे आला, का आला ते त्यालाही ठाऊक नव्हतं. नव्या पुलाला तेव्हा दोन्हीकडे चढायला भराव नव्हता, बारा फूट वर नुसता अधांतरी स्लॅब. आम्ही शिडी लावून चढलो.

ओल्या काँक्रीटवर कुत्र्यामांजरांचे पाय आम्हाला नवीन नाहीत. पण ते खूर होते. शेकड्यांनी. काठापासून नाही, स्लॅबच्या मध्यातूनच सुरू झालेले आणि पलीकडच्या काठाच्या हातभर अलीकडे संपलेले. त्यांच्या मागे एका माणसाच्या जाड वहाणा, लांब टांगांच्या. मी म्हटलं, "आकाराम, खाली चल." तो ऐकेना. वहाणांच्या मागावरून चालत गेला. जुन्या पुलाचा उंचवटा जिथं समोर येतो, जिथं गाडी थांबली होती, तिथं जाऊन तो खाली बसला.

तिथून पुढे त्या वहाणांच्या शेजारी आणखी एक पाऊल सुरू झालं होतं. अनवाणी. माझ्या मधल्या बोटाएवढं लांब. एक, दोन, तीन... शेवटपर्यंत. म्हाताऱ्याच्या टांगेला पुरं पडावं म्हणून घाईघाईनं टाकलेलं.

आकारामानं त्या पहिल्या पावलावर तळवा ठेवला. मी पाठ फिरवली. मला बघवेना.

त्या इवल्या पावलाची पाचही बोटं उमटली होती...