पूजेतला छर्रा

“ऑटोमॅटिक गिअरबॉक्स? घरात खोलणार? तुम्ही?” उद्यमनगरातल्या स्पेअरपार्टवाल्यानं अवंतिकाकडं असं बघितलं, जणू तिनं विमानाचा पंखाच मागितलाय.

तेवढ्यात मागून आवाज आला, “मला येतंय की ते.”

वळून बघते तर मोटारसायकलची क्लचवायर हातात धरलेला एक उंच पोरगा. कानापर्यंत लाल झालेला... पण नजर काही हलेना त्याची.

वृषभ त्याचं नाव. हातकणंगल्याचा, शाळेत भूगोल शिकवणारा. गिअरबॉक्समधलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं. पहिल्याच संध्याकाळी तेलात मुद्दाम भिजत घातलेल्या क्लचप्लेटा त्यानं फडक्यानं लख्ख पुसून ठेवल्या, तेव्हाच अवंतिकानं ओळखलं. पण बोलली नाही. का बोलावं? तो पाना द्यायला वाकायचा, बोटाला बोट लागायचं, आणि तिला मॅन्युअलमधली ओळ पुन्हा वाचावी लागायची.

गाडी आबांची, म्हणजे तिच्या आजोबांची. जुनी, परदेशी, कैक वर्षं शेडमध्ये ठाण मांडून बसलेली. माईनं, तिच्या आईनं, निक्षून सांगितलं होतं : दसऱ्याला गाडी स्वतःच्या जोरावर दसरा चौकात गेली तर ठीक, नाहीतर दुसऱ्या दिवशी भंगारात. माईचं बोलणं तसं फाडफाडच. पण पोरगं जैनाचं, दिवस मावळल्यावर जेवत नाही, हे कळल्यापासून तिची भाकरी उन्हातच थापली जाऊ लागली होती.

अवंतिकाला धास्ती दोन्हीकडून. गाडी नाही चालली तर आबांचं तोंड बघवणार नाही. आणि चालली तर... हा कशाला येईल परत?

खंडेनवमीला सकाळी गाडी सुरू केली. मागं झक्कास गेली. पुढं मात्र ढिम्म. दोघांची तोंडं उतरली, तोच घरातून आबांची हाक आली. आत जाऊन बघतात तर माईनं पहाटेच पाने, पकडी, सगळी हत्यारं पूजेला मांडली होती, आणि अक्षतांत चमकत होता वाटाण्याएवढा पोलादी छर्रा. गिअरबॉक्समधलं तेल पुढच्या गिअरकडं वळवणारा. काल तो बसवायचाच राहिला होता, आणि माईनं हत्यारांबरोबर तोही देवापुढं ठेवला होता.

“आज हत्याराला हात लावायचा न्हाय,” माई म्हणाली. “उद्या पूजा उतरली की काय ते करा.”

मग काय, पहिल्यांदाच दोघांच्या हातांना काम नव्हतं. शेडच्या पायरीवर जाऊन बसले.

“खरं सांगू?” वृषभ म्हणाला. “मला गिअरबॉक्समधलं कायबी येत न्हाय.”

“ठाऊक हाय. प्लेटा पुसल्यासा तवापासनं.” ती हसली. “पण आज तर कामच न्हाय. मग कशाला आलासा?”

“तुला बघायला.” तुम्हीवरून तूवर कधी आला, त्याचं त्यालाच कळलं नाही. “गाडी चालली तरी यायचं हाय मला... रोज.”

तिच्या काळजात ढोल-ताशे सुरू झाले. ती उत्तर देणार, तोच माईनं जेवायला हाक मारली. दिवस अजून मावळला नव्हता.

दसऱ्याला पूजा उतरली, छर्रा बसला, चाकांखाली लिंबं ठेवली. अवंतिकानं श्वास रोखून गिअर टाकला... आणि लिंबं चिरडत गाडी पुढं! आबा लहान पोरासारखे टाळ्या पिटायला लागले. फाटकाशी आल्यावर मात्र त्यांनी तिला गाडी थांबवायला लावली, पुढच्या सीटवरून उतरले, आणि मागं माईशेजारी जाऊन बसले.

“पावणं, म्होरं बसा,” ते फाटक धरून उभ्या वृषभला म्हणाले.

दसरा चौकात सोनं लुटून झालं, सगळी परत गाडीत बसली. अवंतिकानं आपट्याचं पान वृषभच्या हातात ठेवलं आणि बोटं सोडलीच नाहीत.

“रोज ये,” ती म्हणाली. “मलाबी तू पायजेस.”

मागच्या सीटवर माईनं घसा खाकरला, आणि भाकरी आता रोजच उन्हात थापायची न्हवं, असं विचारलं.