कुंकू लागलेलं आरसी

नारायणगावच्या एसटी स्टँडसमोर, बियाण्यांच्या दुकानाच्या माडीवर प्रतिभा डुंबरेंचं खासगी तपासाचं कार्यालय होतं. मदतीला निवृत्त हवालदार दादाभाऊ. दादाभाऊंना संशयित फार लवकर सापडायचा, आणि बहुतेक वेळा तो चुकीचा असायचा. पण माणूस मनाचा मोठा. चुकल्यावर चहा तेच सांगत.

शुक्रवारी सकाळी घाटघरचे गेणभाऊ जिना चढून आले. साठी उलटलेले, एसटीत ड्रायव्हर म्हणून हयात घालवलेले. त्यांनी टेबलावर दोन कार्डं आपटली.

"ताई, मैतरानं गळा कापला माझा!"

गेणभाऊ आणि त्यांचे शाळेपासूनचे दोस्त सयाजी उद्या पहाटे आपापल्या मोटारसायकलवरून नेपाळला, मुक्तिनाथाला निघणार होते. टेबलावरचं एक कार्ड गेणभाऊंच्या गाडीच्या नोंदणीचं, म्हणजे आरसी, आणि दुसरं त्यांचं लायसन्स. काल रात्री कागदपत्रांचा पाऊच तपासला, तर दोन्ही रंगीत झेरॉक्स निघाल्या. कापून, लॅमिनेशन केलेल्या.

"मग काय झालं?" दादाभाऊ म्हणाले. "आपल्याकडं मोबाईलमध्ये दाखवलं तरी पोलीस सोडतो."

"आपल्याकडं, राव! सरहद्दीवर ओरिजिनल दाखवल्याबिगर गाडीला परवाना न्हाई. नवीन कार्डं काढस्तवर तिकडं बर्फ पडंल."

प्रतिभाताईंनी आरसी उचललं. कोपऱ्यात तांबडा ठिपका होता. "हे काय?"

"कुंकू. मंगळवारी ओझरला माझी गाडी पुजली, तवा गुरवानं कार्डांनाबी लावलं. सयाजीनं तितंच ती पाऊचात टाकून माझ्या हातात दिली आन् मार्केटची घाई म्हणून निघून गेला. त्या हातचलाखीतच बदलली त्यानं! टोमॅटोला बाजार चढलाय, पंधरा दिस थांबू म्हणत व्हता. काल फोनवर सांगितलं त्याला, माझ्या दारात पाय ठिवू नको. आता पोलिसात नाव देणार."

प्रतिभाताईंनी ठिपक्यावर अंगठा घासला, अंगठ्याकडे पाहिलं आणि कार्ड खाली ठेवलं. "संध्याकाळपर्यंत तक्रार थांबवा," एवढंच म्हणाल्या.

सयाजी मार्केटात क्रेटवर बसले होते. डोळे लाल झालेले.

"पाऊच माझ्या हातात व्हता, न्हाई म्हणत नाय. पण ताई, शाळेत एका डब्यात जेवलो आमी. त्याला मी चोर दिसलो, हेच लई लागलं." त्यांनी तोंड फिरवलं. दादाभाऊंनी मनातल्या मनात नोंद केली: हा रडतोय, म्हणजे हाच.

मग फोनवर गेणभाऊंचा मुलगा सुनील. "या वयात बाबांनी जाऊ नये असं माझं मत आहे, पण मी सोमवारीच चाकणला आलोय. कंपनीत विचारा." दादाभाऊंनी ताबडतोब संशयित बदलला.

दुपारी जीप घाटघरला पोहोचली. गेणभाऊंच्या घरात पाऊच खुंटीला लटकत होता. त्यांच्या पत्नी बायडाबाईंनी पाणी दिलं, कोरा चहा ठेवला.

"मावशी, मंगळवारनंतर घरी कोण आलं होतं?"

"कोन येनार? हे आन् मी. बुधवारी मी तेवढी जुन्नरला गेलते, चष्मा आनाया."

"तुमचं पूर्ण नाव सांगता?"

बायडाबाईंनी कनवटीची पिशवी सोडून आधार कार्डच पुढे केलं. तीही झेरॉक्स, लॅमिनेशन केलेली. "ओरिजिनल नाय वागवत मी. एकदा रेशनकार्ड पावसात भिजून लगदा झालं, तवा ह्येच वरडले व्हते, ओरिजिनल घरात ठिवायचं, झेरॉक्स संगं न्यायची."

भात साठवायच्या कणगीला टेकून दादाभाऊ ऐकत होते. उठले तर हाताला आणि पांढऱ्या शर्टाला ओलं शेण. कणगीचं तोंड नुकतंच लिंपलेलं होतं.

"अरे देवा! बायको घरात घेणार नाही आता," ते कळवळले.

प्रतिभाताईंनी शर्टाकडे निरखून पाहिलं. "दादाभाऊ, जीप घेऊन जा आणि सयाजींना आणा. शर्ट धुऊ नका."

उन्हं कलताना सगळे पडवीत बसले. सयाजी गेणभाऊंकडे पाठ करून.

"मित्रावर संशय घेताना गेणभाऊ, तुम्ही ठिपक्याला हात लावला नाहीत," प्रतिभाताईंनी सुरुवात केली. "तो पुसला जात नाही, कारण ते कुंकू नाही. कुंकवाचा छापलेला फोटो आहे. म्हणजे झेरॉक्स काढली तेव्हा ओरिजिनलवर कुंकू होतं. गुरवानं ते लावल्यावर कार्डं लगेच तुमच्या हातात आली आणि सयाजी निघून गेले. त्यांनी ती कॉपी काढली कधी?"

गेणभाऊंनी खिशातून झेरॉक्स काढली आणि ठिपका घासून पाहिला.

"सुनील पूजेआधीच चाकणला गेलेला. आता दुसरी गोष्ट. प्रवास मोडायचा असेल तर माणूस कार्डं पळवतो. इथं त्यांच्या जागी पदरचे पैसे खर्चून लॅमिनेशन केलेल्या प्रती ठेवल्या. हे चोराचं काम नाही, काळजीवाल्याचं आहे. ओरिजिनल घरात, झेरॉक्स संगं. बुधवारी झेरॉक्सच्या दुकानापर्यंत कोण गेलं होतं?"

बायडाबाई जमिनीकडे पाहत होत्या.

"मावशींनी तुमचीच शिकवण पाळली, गेणभाऊ. तिथवर गुन्हा नाही. पण काल तुम्ही आरडाओरडा केलात आणि त्या गप्प राहिल्या. भाताची सुगी अजून व्हायचीय, मग जुन्या कणगीचं तोंड आज कशाला लिंपलं? बुधवारचं शेण आजवर वाळून खडंग झालं असतं. दादाभाऊंचा शर्ट सांगतो, आज कुणीतरी काहीतरी आत लपवलंय."

मग बायडाबाईंनी तोंड उघडलं.

"निघताना सांगनार व्हते, कार्डं ट्रंकंत हायती म्हणून. पर ह्ये म्हणले, कार्डं नसली तर जाता येत नाय. मग जीभच उचलंना. आज ह्ये तुमच्याकडं गेले, तवा ट्रंकंतून काढून कणगीत घातली. सयाजीभावजींवर आळ आला, तरी नाय बोलले. ते माझं चुकलं, भावजी." त्यांचा आवाज चढला. "ह्यांनी सयाजीभावजींला इचारलं, सुनीलला इचारलं, ओझरच्या गणपतीलाबी इचारलं. मला कुनी इचारलं? समद्या मुलखाला एसटीत फिरवलं ह्यांनी, मी ओझरच्या पल्याड गेले न्हाई."

गेणभाऊ उठले. आधी सयाजींपुढे गेले, हात जोडले. "माझी अक्कल शेण खाया गेली व्हती, सयाजी."

"ती हितं दादाभाऊंच्या शर्टावर हाय," सयाजी म्हणाले, आणि एवढं बोलून त्यांनाच रडू फुटलं. मग डोळे पुसत ते बायडाबाईंकडे वळले. "वहिनी, ह्याच्या मागच्या सीटवर बसाया जमंल?"

"नेपाळला आधार चालत नाही," प्रतिभाताई हळूच म्हणाल्या. "पासपोर्ट नाहीतर मतदान कार्ड लागतं."

बायडाबाई आत गेल्या. लिंपण फोडल्याचा आवाज आला. कणगीतून काढलेला पत्र्याचा डबा त्यांनी गेणभाऊंपुढे उघडला. आरसी, लायसन्स, आणि खाली बायडाबाईंचं मतदान कार्ड.

आरसीवरचं कुंकू गेणभाऊंच्या बोटाला लागलं. त्यांनी बायकोकडे पाहिलं, मग मतदान कार्डाकडे. "ह्याची झेरॉक्स काढायची का गं?"

"नगं," बायडाबाई म्हणाल्या आणि कार्ड कनवटीला खोचलं. "ओरिजिनल न्यायचं."